टाच मारली तरी लगाम हवाच!

अकलूजच्या घोडेबाजारात नुसता पळणारा घोडा घेऊन कुणी जात नाही. टाचेला उठणारा आणि लगामाला थांबणारा हवा. आपल्या रक्तातल्या टी-पेशींचंही तेच. त्यांची टाच आणि लगाम म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणावरची प्रथिनं.

टी-पेशीला अख्खा विषाणू ओळखताच येत नाही. दुसऱ्या पेशीने त्याचा बारीकसा तुकडा एमएचसी या प्रथिनात धरून दाखवावा लागतो. हे कोडं सोडवणाऱ्या जोडीतले पीटर डोहर्टी शिक्षणाने चक्क जनावरांचे डॉक्टर! रोल्फ झिंकरनागेल यांच्यासोबत १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं.

तुकडा ओळखला तरी नवखी टी-पेशी लगेच उठत नाही. तिच्या अंगावरच्या सीडी२८ या प्रथिनाला समोरच्या पेशीवरच्या बी७ या प्रथिनाचा दुजोरा लागतो. तो नसेल, तर ती उलट ढिम्म होते.

दुजोऱ्याची वाटच न पाहता सीडी२८ला थेट डिवचलं तर? मार्च २००६ मध्ये लंडनला सहा निरोगी स्वयंसेवकांना तसं औषध टोचलं. मात्रा माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाएवढी. तरी काही तासांत सहाही जण अत्यवस्थ! नशिबाने सगळे वाचले. माकडांच्या काही अनुभवी टी-पेशींवर सीडी२८ नसतंच, हे नंतर उमगलं.

आता लगाम. सीटीएलए-४ हे प्रथिन त्याच बी७ला सीडी२८पेक्षा कितीतरी घट्ट धरतं. एवढ्यावर भागत नाही, समोरच्या पेशीवरून बी७ ओढून काढून गिळूनही टाकतं! चोरीच ही, पण आपल्या भल्याची. हे प्रथिन नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांतच दगावतात, कारण बेभान टी-पेशी त्यांच्याच अवयवांवर तुटून पडतात.

दुसरा लगाम पीडी-१, क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलेला. कर्करोगाच्या गाठी लबाड. त्या हाच लगाम खेचून टी-पेशींना थोपवतात. तो सोडवणारं निवोलुमॅब हे औषध आहे, पण किंमत ऐकूनच घाम फुटतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोकं लढवलं: नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, तेही दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने. डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, ते ४३.४ टक्क्यांवर गेलं. तंबाखूच्या पुड्या गल्लोगल्ली मिळणाऱ्या आपल्या मुलखाला हा आकडा जास्तच जवळचा.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी तर टी-पेशीला नवी टाचच बसवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार१९ मध्ये रुग्णाच्याच टी-पेशींवर असं प्रथिन चढवतात, जे रक्ताच्या काही कर्करोगांतल्या पेशींवरचं सीडी१९ थेट पकडतं. एमएचसी नको, बी७चा दुजोराही नको. दोन्ही इशारे त्या एकाच प्रथिनात. फक्त सीडी१९ प्रतिपिंडं बनवणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि काही रुग्णांना प्रतिपिंडं बाहेरून, सलाईनसारखी शिरेतून द्यावी लागतात.