सायकलचा जुना फोर्क विकताय? आधी हे सांगा

सायकलस्वारांच्या ग्रुपमध्ये जुने सुटे भाग ओळखीवर विकले जातात. ‘फारसं वापरलेलं नाही’ एवढ्या शब्दावर पैसे दिले जातात.

चेनच्या बाबतीत ही थाप साध्या पट्टीने पकडता येते. नव्या चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. तेच माप १/१६ इंचाने वाढलं, की चेन बदलायला आली.

कार्बन फोर्कचं तसं नाही. आपटल्यावर आतले थर सुटू शकतात, वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. असा फोर्क पुढे भर उतारावर अचानक तुटू शकतो. त्यामुळे किलोमीटरचा आकडा एक वेळ राहू द्या. सायकल कधी पडली होती का, हे विकणाऱ्याने न विचारता सांगायला हवं, भाव पडला तरी. तडा दिसतच असेल, तर फोर्क विकायचा नाही. करवतीने कापूनच टाकायचा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या सायकलला बसणार नाही.