देवगिरी कोठे आहे?

हैदराबादेतील बरकतपुऱ्यात एका मराठी घरी आम्ही गेलो असता दोघे बंधू संगणकावर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळत होते. मध्ययुगीन राज्य वसवावे, शेती पिकवावी, तट बांधावा, स्वारी परतवावी, असा हा १९९९ सालचा खेळ. धाकट्याने वहीत सुधारणांची यादी केली होती. पहिली मागणी : देवगिरीचे यादव आणि वारंगळचे काकतीय खेळात यावेत!

“दोन्ही कशाला?” आम्ही विचारले.

“घरी मराठी, बाहेर तेलुगू, म्हणून दोन्ही,” तो म्हणाला.

अशा मागण्या व्यर्थ जात नाहीत. आरंभी या खेळात भारत नव्हताच. हौशी खेळाडूंनी स्वतः रचलेल्या भागातून २०१३ साली ‘भारतीय’ असे एकच राष्ट्र अधिकृतपणे त्यात आले. एवढा देश एकाच नावाखाली का, असे खेळाडू विचारीत राहिले. २०२२ साली हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड व गुर्जर अशी चार राष्ट्रे झाली. यादव-काकतीयांचे नाव त्यांत नाही.

आम्ही त्याला सांगितले, “बाळ, नुसते ‘हवे’ लिहू नकोस. देवगिरीचा खंदक, तासलेला कडा, अंधारी वाट कशी आहे ते लिही.”

“पण मी देवगिरी पाहिलीच नाही, काका.”

वडिलांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “दिवाळीच्या सुटीत जाऊ.”