हजेरीपटात न दिसणारी कारणं

टूनगॅबी, पेंडल हिल, वेंटवर्थव्हिल इथल्या मराठी मुलांना एक वाक्य तोंडपाठ असतं: ही भूमी धरुग लोकांची आहे. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्याने होते. धरुग लोकांचं आणि शाळेचं नातं कसं सुरू झालं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ॲबोरिजिनल मुलांच्या हजेरीचे आकडे वाचण्याआधी ते ठाऊक असलेलं बरं.

गव्हर्नर मॅक्वारी यांनी १८१४ साली पॅरामॅटाला ॲबोरिजिनल मुलांसाठी 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' ही निवासी शाळा जाहीर केली. नियम असा, की एकदा दाखल झालेला मुलगा १६ वर्षांचा आणि मुलगी १४ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांना परत मिळणार नाही. १८१९ च्या परीक्षेत गोऱ्या मुलांनाही मागे टाकून पहिलं बक्षीस एका ॲबोरिजिनल मुलीने मिळवलं. ती धरुग समाजातली मारिया होती, असं मानलं जातं. म्हणजे अडचण बुद्धीची कधीच नव्हती. ही संस्था १८२३ साली जिथे हलवली, त्या वस्तीवरूनच आपल्या शेजारच्या ब्लॅकटाऊनला नाव मिळालं.

पुढे विसाव्या शतकात गोऱ्या पालकांनी तक्रार केली, की न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळेतून ॲबोरिजिनल मुलाला काढून टाकता येत असे. मुख्याध्यापकांचा हा अधिकार नियमपुस्तकातून गेला तो १९७२ साली. त्या वेळी शाळेत असलेली मुलं आज आजी-आजोबा आहेत.

आता आकडे. हजेरीतली तफावत पाच वर्षांत मिटवायची, असं ऑस्ट्रेलियन सरकारने २०१४ साली ठरवलं. २०१८ साली पहिली ते दहावीच्या ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या मुलांची हजेरी सुमारे ८२ टक्के होती, इतरांची सुमारे ९३. अतिदुर्गम भागांत ती ६३ टक्क्यांच्या आसपास होती. ८२ टक्के ऐकायला वाईट वाटत नाही, पण दहा वर्षांच्या शाळेत त्याने जवळपास दोन वर्षं बुडतात. २०२० च्या नव्या राष्ट्रीय करारात हजेरीचं उद्दिष्टच ठेवलेलं नाही.

मूल शाळेत का येत नाही? बहुतेकांचं पहिलं उत्तर 'पालकांना किंमत नाही' हे असतं, आणि सरकारनेही ते धरून पाहिलं. २००९ पासून काही ठिकाणी मूल शाळेत न आल्यास पालकांचा सरकारी भत्ता रोखण्याची योजना चालली. नॉर्दर्न टेरिटरीत तिची रीतसर चाचणी झाली: कोणती कुटुंबं योजनेत आणि कोणती बाहेर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. औषधाची परिणामकारकता आपण अशीच तपासतो. योजनेतल्या मुलांच्या हजेरीत फरक आढळला नाही.

दुसरं उत्तर कानात आहे, अगदी शब्दशः. मधल्या कानात वारंवार संसर्ग झाला की पडद्यामागे द्रव साठतो, कधी पडदा फाटून कान वाहू लागतो. मूल ठार बहिरं होत नाही. कानात बोटं घालून बसल्यासारखं त्याला वर्गातलं ऐकू येतं. त्यातून शिकवण्याची भाषा घरची नसेल, तर अर्ध्याहून अधिक निसटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कान वाहणाऱ्या मुलांचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं, की तातडीने हालचाल करायला हवी. दुर्गम ॲबोरिजिनल वस्त्यांमध्ये ते त्याच्या कित्येक पट आढळलं आहे. नॉर्दर्न टेरिटरीत मुलांच्या श्रवणतपासणीच्या नोंदी पहिलीच्या हजेरीपटाशी जुळवून पाहिल्या, तेव्हा कमी ऐकू येणाऱ्यांची हजेरीही कमी निघाली. यावरून कान हेच कारण असं सिद्ध होत नाही. दाटीवाटीचं घर संसर्गही वाढवतं आणि झोपही मोडतं. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याने वर्गात रमावं, ही अपेक्षा मला तरी विचित्र वाटते.

मराठी वाचकाला कोसबाड आठवेल. वारली मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं आणि शाळाच कुरणात नेली. क्वीन्सलंडमध्ये चेरबर्गच्या शाळेत १९९८ साली ख्रिस सारा हे पहिले ॲबोरिजिनल मुख्याध्यापक आले. त्यांनी कडक शिस्त लावली, पण स्थानिक माणसं शिकवायला आणली आणि मुलांकडून चांगल्या कामगिरीची अपेक्षा धरली. तिथली गैरहजेरी झपाट्याने घटल्याचं सांगितलं जातं. एका शाळेचा दाखला म्हणजे पुरावा नव्हे, पण भत्त्याच्या प्रयोगापेक्षा ही दिशा मला अधिक आशादायक वाटते.

आणि आपली मुलं? डिसेंबरचं तिकीट स्वस्त मिळावं म्हणून शाळेचे शेवटचे दोन आठवडे बुडवणारी घरं आपल्यात थोडी नाहीत. तेव्हा कोणी 'मराठी लोकांना शिक्षणाची किंमत नाही' म्हणत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या नोंदींवरून २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसाधारणपणे बुडवलेला प्रत्येक दिवस गुणांत दिसतो, असं त्यात आढळलं. पण प्राथमिक शाळेत सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांना परवानगीने घेतलेल्या रजेची झळ फारशी लागत नाही. घरी पुस्तकं आहेत, शिकलेले आईबाप आहेत, पुण्याला आजीही गोष्टी सांगते. ज्या मुलाला शाळेवाचून दुसरा आधार नाही, त्याचा तोच दिवस महाग पडतो. हजेरीतली ही तफावत त्या अभ्यासात पहिलीच्या वर्गातच दिसते, प्राथमिक शाळेत तशीच राहते आणि माध्यमिक शाळेत आणखी वाढते.