घोट्याचे पुनःशिक्षण

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे विश्वचषक स्पर्धेतील बांगलादेशाविरुद्धचा सामना चालू होता. आपल्याच गोलंदाजीवर आलेला चेंडू पायाने अडविताना हार्दिक पंड्या यांचा डावा घोटा मुरगळला. उपचारासाठी त्यांना बंगळुरू येथील राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत पाठविण्यात आले. परंतु घोटा वेळेत सावरला नाही आणि ४ नोव्हेंबर रोजी ते स्पर्धेबाहेर गेल्याचे घोषित झाले. मैदानावर ते परतले ते पुढील वर्षीच. क्षणभरात झालेल्या दुखापतीला एवढा काळ का लागावा?

पाऊल आतल्या बाजूस वळले की घोट्याच्या बाहेरील अंगाचे अस्थिबंध ताणले जातात किंवा तुटतात. हे अस्थिबंध म्हणजे हाडे बांधून ठेवणाऱ्या निव्वळ दोऱ्या नव्हेत. सांध्याची स्थिती मेंदूला कळविणारी मज्जातंतूंची टोकेही त्यांच्यात असतात. दुखापतीनंतर पाय पुनःपुन्हा दगा देतो, याचे एक कारण ही वार्ता खंडित होणे हे होय, असे ब्रिटिश शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रतिपादन केले. डळमळत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम त्यांनी सुचविला.

पुनर्वसनाच्या साधनांचा क्रम यावरून ध्यानात येतो. आरंभी लवचीक पट्टी सूज आवरते आणि घोट्याला आधार देते. पुढे पावलाभोवती रबरी पट्टा अडकवून त्याच्या ताणाविरुद्ध पाऊल चारही दिशांना हलविले जाते. पायरीच्या कडेवर टाचा उचलल्याने पोटरी बळावते. मोठ्या केंद्रांत हवेच्या दाबाने शरीराचा काही भार उचलून धरणारे धावण्याचे यंत्र असते. त्यावर खेळाडू पायावर पूर्ण भार न घेता धावू लागतो. आणि खाली अर्धगोल बसविलेली ती साधी फळी घोट्याला त्याची हरपलेली जाण परत शिकविते. उड्या आणि झटकन वळणे यांची पाळी त्यानंतर येते.

दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले नाही ना, हे क्ष-किरणांनी आधी पाहावे लागते. मात्र वेदना थांबली म्हणजे घोटा बरा झाला, असे नव्हे. घाईने मैदानात उतरणाऱ्याचा तोच पाय पुन्हा मुरगळतो. गावातल्या कबड्डीपटूजवळ महागडे यंत्र नसेल. परंतु घराची पायरी आणि घडी घातलेली सतरंजी असते. तिच्यावर एका पायाने स्थिर उभे राहता येईपर्यंत धीर धरणे, हेही उपचाराचेच अंग आहे.