वाळवणाशेजारचा कागद

परीक्षा संपल्या, की घरोघरी दोन ढीग जमतात. एक गच्चीवर, जुन्या साडीवर पसरलेला. कुरडया, पापड, सांडगे, बटाट्याचा कीस. दुसरा कॉटखाली नाहीतर माळ्यावर, मुलांच्या वर्षभराच्या वह्यांचा. पहिल्या ढिगाची आपण कावळ्यांपासून, वावटळीपासून, अवकाळी पावसापासून राखण करतो. दुसऱ्याकडे रद्दीवाला येईपर्यंत कुणी ढुंकूनही बघत नाही. खरं म्हणजे दोन्ही साठवणीचेच जिन्नस!

हाताने कागद करायचा, वही शिवायची म्हटलं, की 'हे शहरातल्या क्लासमध्ये फी भरून शिकायचं काम' असं आपल्याला वाटतं. पण मैत्रिणींनो, ज्या हातांनी तीन दिवस गहू भिजवून चीक काढला, त्या हातांना लगदा काही नवा नाही. भिजवा, वाटा, पाण्यात कालवा, गाळा, पसरा, वाळवा. क्रम तोच आणि ऊनही तेच.

आपल्याच मुलखातला कागद

महाराष्ट्रात हातकागद रुळला त्याला काही शतकं झाली. दौलताबादच्या किल्ल्याजवळ, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचं गावच आहे. जुन्नरला आणि खानदेशात एरंडोललाही कागद करणाऱ्यांची घरं होती. 'जुन्नरी', 'दौलताबादी' ही त्या काळची कागदांची नावं, जशी आपण आज साडीला पैठणी किंवा इरकली म्हणतो. चिंध्या, जुने दोर, गोणपाट कुटून त्याचा लगदा व्हायचा. कागद वाळला की त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटायचं. अशा घोटीव कागदावर बोरूची शाई फुटत नसे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद आजही वाचता येतात, ते या कामामुळेच. उलट आपलं वर्तमानपत्र खिडकीत चार दिवस राहिलं तरी पिवळं पडतं, कारण त्याच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. चिंध्यांच्या कापसात ते जवळजवळ नसतंच.

गिरणीचा कागद आला आणि हातकागदाची घरं बसली. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा घाणीचं तेल, गूळ यांच्या जोडीला हातकागदही हाती घेतला गेला. पुण्यातली हातकागद संस्था १९४० साली सुरू झाली. आपल्या संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली, त्या प्रतीचा कागद पुण्यातल्या हातकागद केंद्रातला. देशाला सर्वांत जपून ठेवायची गोष्ट लिहायची होती, तेव्हा हातकागदच निवडला गेला!

आणि वहीचं मोल सांगायला बहिणाबाई चौधरींइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या रचत जायच्या. ते शब्द मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगाने वेळोवेळी टिपून ठेवले. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली. घरातल्या कुणी टिपलं नसतं, तर? बहिणाबाईंच्या गावोगावच्या किती मैत्रिणींचं असंच वाऱ्यावर गेलं असेल, त्याची गणती कोण करणार!

वैशाख : लगदा

तर पहिलं काम उन्हाळ्याचं. मुलांच्या वह्या आधी दोन ठिकाणी वेगळ्या करा. कोरी पानं अलगद काढून एकीकडे ठेवा, त्यांचं काम पुढे आहे. लिहिलेली पानं लगद्याला घ्या. गुळगुळीत, चकचकीत कागद, प्लॅस्टिकचं आवरण असलेली कव्हरं आणि दुकानातली गुळगुळीत बिलं घेऊ नका. पिना आठवणीने काढा.

पानांचे बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवा. सकाळी मिक्सरच्या जुन्या, आता स्वयंपाकाला न लागणाऱ्या भांड्यात मूठभर तुकडे आणि भरपूर पाणी घालून थोडं थोडं फिरवा. घट्ट फिरवलं तर मोटर तापते. ताकासारखा पातळ लगदा झाला, की मोठ्या टबात आणखी पाण्यात कालवा.

साच्यासाठी फोटोच्या दोन सारख्या जुन्या चौकटी पुरतात. एकीवर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी ताणून टाचण्या ठोका. दुसरी तशीच रिकामी तिच्यावर ठेवा, म्हणजे कागदाच्या कडा सरळ येतात. दोन्ही एकत्र धरून टबात उभ्या बुडवायच्या, पाण्याखाली आडव्या करायच्या आणि सपाट वर उचलायच्या. पाणी निथळताना एकदा उजवी-डावीकडे, एकदा पुढे-मागे हलकेच हलवा. तंतू एकमेकांत गुंततात, ते याच वेळी. मग वरची चौकट काढून साचा ओल्या सुती कापडावर पालथा घाला, जाळीच्या मागून फडक्याने पाणी टिपून घ्या आणि एका कडेने उचला. पहिले दोन-तीन फाटतील. पहिली कुरडई तरी कुठे नीट पडते!

कापड, कागद, कापड, कागद अशी चळत करून दोन पाटांमध्ये ठेवा आणि वर वरवंटा किंवा पाण्याची कळशी ठेवा. तासाभराने एकेक कापड कागदासकट सावलीत पसरा. कडक उन्हात कागद वेडावाकडा होतो. वाळला की सोडवून घ्या आणि कोमट इस्त्री फिरवा. त्यावर लिहायचं असेल तर साबुदाण्याची किंवा तांदळाची अगदी पातळ खळ ब्रशने दोन्ही बाजूंना लावा, पुन्हा वाळवा आणि वाटीच्या गुळगुळीत बुडाने घोटा. जुन्नरच्या कागदवाल्यांचीच ही रीत. लगद्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या किंवा कांद्याची सालं टाकली तर रंगीत ठिपके येतात.

मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तिथे टबभर पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न रास्तच. म्हणून टबातलं पाणी टाकायचं नाही. त्यातच पुन्हा लगदा घालून दिवसभर काम करा. शेवटी गाळून पाणी झाडांना द्या आणि उरलेल्या लगद्याचा गोळा वाळवून ठेवा, पुढच्या खेपेला भिजवला की चालतो. लगदा मोरीत मात्र ओतू नका, मोरी तुंबते.

मृग : शिवण

आभाळ भरून आलं, की लगद्याचं काम थांबतं आणि शिवणीचं सुरू होतं. शाळेच्या नव्या वह्यांना खाकी कव्हर घालायचे दिवस हेच. काढून ठेवलेली कोरी पानं आता बाहेर काढा. एकरेघी, दुरेघी, चौकटी वेगळ्या करा. आठ-दहा जोडपानं एकात एक घडी घालून ठेवा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मध्ये, दोन वर-खाली.

गोधडीचा जाड दोरा मेणावरून ओढून घ्या. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा. बाहेरून वरच्या भोकातून आत. आतून, मधलं भोक सोडून, थेट खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून पुन्हा मधल्या भोकात आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घ्या आणि गाठ मारा. झाली वही! ब्लाउजला हूक लावणारीला हे सांगायलाही लागू नये.

पुठ्ठ्यासाठी साडीचं खोकं चालतं. त्यावर खणाचा, इरकलीचा किंवा जुन्या नऊवारीच्या काठाचा तुकडा मैद्याच्या खळीने चिकटवा. खळ पातळ आणि सारखी लावायची, नाहीतर कापडावर डाग उमटतात. आत तुम्ही केलेला हातकागद लावला, की पुठ्ठ्याची कड झाकली जाते.

ज्यांना टाका नको, त्यांच्यासाठी पोथीची रीत आहेच. सुटी आडवी पानं, वर-खाली पुठ्ठा आणि वरून बासन. पाककृतींना ही फार सोयीची. मधे कधीही नवं पान घालता येतं आणि ओट्यावर फक्त लागणारं पान काढून ठेवता येतं.

श्रावण ते दसरा : राखण

श्रावणात देवघरात जिवतीचा कागद लागतो. नुसता छापील कागद दमट हवेने महिनाभरात लोंबतो. तो घरी केलेल्या जाड कागदावर चिकटवून लावला, तर पोळ्यापर्यंत ताठ राहतो.

याच दिवसांत पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते. पोथ्या, जुन्या वह्या भिंतीला टेकवून ठेवू नका. बासनात वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाची नीट वाळलेली पानं ठेवा, ओली मात्र नकोत. नवरात्राच्या आधी पाऊस ओसरला, की सगळं बाहेर काढून सावलीच्या हवेत पानं मोकळी करा. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतो, तेव्हा तिच्याजवळ मुलांच्या पुस्तकांबरोबर घरातली ही जुनी वहीही ठेवा. तिचाही मान आहे.

दिवाळी : रद्दीच्या काट्याआधी

आणि आता खरी सांगायची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरात सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं आणि दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. जुने कागद, पंचांगं, लग्नपत्रिका, सगळं एकत्र बांधून रद्दीत गेलं. भाऊबिजेला नणंद आली आणि तिने विचारलं, "आईची लाल वही कुठंय?" घरात कुणालाच माहीत नव्हतं, की अशी वही होती. त्या वहीत मेतकुटाचं प्रमाण होतं. पाचही मुलांच्या जन्मवेळा होत्या. कोणाच्या लग्नात कोणी काय आहेर केला, विहिरीला पाणी लागलं तो दिवस, बाळंतिणीला द्यायच्या डिंकाच्या लाडवांचा अंदाज, आजोळी म्हणत ती मंगळागौरीची गाणी. नणंद म्हणाली, "मेतकूट काय, विकत मिळेल. पण माझी जन्मवेळ आईच्या अक्षरात होती."

वर्षभराची रद्दी विकून असे किती पैसे येतात? तेवढ्या पैशांत ती वही गेली.

यात सुनेचा दोष काढण्यात अर्थ नाही. वही होती, पण तिच्यावर नाव नव्हतं, तिची जागा ठरलेली नव्हती. दुकानदार लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीची पूजा करतो, तिच्यावर कुंकवाचं बोट लावतो, ती गादीवर समोर ठेवतो. त्याच्या जमाखर्चाची वही घरातल्या सगळ्यांना ओळखू येते. बाईची वही मात्र डब्यामागे, तांदळाच्या पिंपात, उशीखाली. मग ती रद्दीत गेली तर नवल काय?

म्हणून यंदा एक करू या. घरातला कुठलाही कागद काट्यावर चढण्याआधी एका बाईने पान अन् पान उलटून बघायचं. आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर घराच्या हिशेबाच्या वहीशेजारी आपली वही ठेवायची. मुलांसमोर, नवऱ्यासमोर, उघड. एकदा कुंकू लागलं, की ती वही फेकायला कुणाचा हात धजत नाही.

संक्रांत : वाण

जानेवारीत हळदीकुंकू. प्लॅस्टिकच्या डब्या आणि गाळण्या आता प्रत्येकीकडे ढिगाने साठल्यात. या वर्षी हाताने शिवलेली तळहाताएवढी वही लुटून बघा. एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानांत अशा दोन-तीन सहज होतात. बचत गटातल्या काही जणी मिळून केल्या, तर लग्नसराईत हातकागदाची आहेराची पाकिटंही करता येतील. पण पहिली वही विकू नका, ती स्वतःला ठेवा.

'काय लिहू? मला कुठे लिहिता येतं?' असं म्हणू नका. या वर्षी किती गव्हाच्या किती कुरडया झाल्या, ते लिहा. आईला फोन करून लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण विचारा आणि ती सांगेल त्याच शब्दांत उतरवा. 'अंदाजानं' म्हणाली तर तो अंदाज मूठ किती, चिमूट किती असा विचारून घ्या. सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या ओव्या आठवतात का, बघा. त्यांना लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, तुम्हाला वेळ नसेल तर लेकीला बसवा. बॉलपेनने लिहा, शाईच्या पेनाचं अक्षर ओला हात लागला की फिस्कटतं. तारीख घाला, कोणी सांगितलं त्याचं नाव घाला.

आणि पुठ्ठ्याच्या आत, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहा. हवं तर माहेरचंही.