अंकांतून आवाज घडताना : डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टरमधील गोंगाट आणि त्यावरील उपाय

प्रास्ताविक

भाषा शिकविणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक्सवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भाषा प्रयोगशाळेत मी श्रवणाची चाचणी घेतली. उर्दूतील 'जीम' आणि 'ज़े', तसेच मराठीतील 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च, हा भेद हेडफोनवर ऐकून ओळखायचा होता. बरेच विद्यार्थी चुकले आणि मी त्यांचे गुण कापले. पुढे पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनी हेडफोन कानाला लावला व म्हणाले, "सर, मुलांचे कान ठीक आहेत, तुमची लाइन खराब आहे."

कारण साधे होते. स, ज़ यांसारख्या घर्षक वर्णांची ओळख पटविणारा सळसळता भाग बराचसा ४ हजार हर्ट्झच्या वर असतो. यंत्राची स्वतःची सळसळ त्याच भागात असली की नेमका हाच भेद झाकला जातो. ही सळसळ कोठून येते व ती कमी कशी करावी, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डॅकचे कार्य

संगणकात आवाज अंकांच्या रूपात साठविलेला असतो. त्या अंकांचे विद्युतदाबात रूपांतर करणाऱ्या मंडलास डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टर, थोडक्यात 'डॅक', म्हणतात. १६ बिटांच्या डॅकमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात. एकूण पल्ला २ व्होल्टचा धरल्यास एक पायरी सुमारे ३० मायक्रोव्होल्टची होते. मूळ आवाज दोन पायऱ्यांच्या मध्ये कोठेतरी असतो, पण त्याला जवळच्या पायरीवर बसवावे लागते. या तडजोडीतून जो दोष येतो तो प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून १६ बिटांत आवाज आणि गोंगाट यांचे अंतर तत्त्वतः सुमारे ९८ डेसिबल मिळते. श्रवणवर्गासाठी हे पुरेसे आहे. प्रत्यक्षात ते मिळत नाही, कारण गोंगाट इतर वाटांनी आत शिरतो.

बिटे वाढवून प्रश्न सुटेल का?

सुटणार नाही. २४ बिटांत तीच पायरी सुमारे ०.१२ मायक्रोव्होल्टची होते. परंतु कोणत्याही रेझिस्टरमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत हलत असतात आणि त्यातून विद्युतदाबाची बारीक थरथर निर्माण होते. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तिचे मापन व गणित मांडले. १० किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये, २० हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, सामान्य तापमानाला ही थरथर सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट असते. म्हणजे २४ बिटांच्या शेवटच्या काही पायऱ्या एका साध्या रेझिस्टरच्या गोंगाटातच बुडतात. म्हणून डॅकनंतरच्या मंडलात रेझिस्टर शक्य तितके कमी मूल्याचे ठेवतात.

कमी बिटांतूनही चांगले काम होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १४ बिटांची चिप होती, तर सीडीवरील नोंद १६ बिटांची. अंकांचा वेग चौपट करून आणि गोंगाट ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेकडे ढकलून ही तूट भरून काढली गेली.

गोंगाटाच्या वाटा

१) संदर्भ विद्युतदाब : डॅक आलेल्या अंकाचा संदर्भ विद्युतदाबाशी गुणाकार करतो. संदर्भात ०.१ टक्का चढउतार झाला, तर २ व्होल्टच्या पूर्ण पल्ल्यावर २ मिलिव्होल्टचा दोष येतो. म्हणजे सुमारे ६५ पायऱ्यांचा! पारख सोपी आहे. अंक वाढवत नेताना गोंगाट वाढला तर दोष संदर्भात आहे. सर्व अंकांना तो सारखाच राहिला तर बाहेरच्या अॅम्प्लिफायरमध्ये किंवा ग्राउंडमध्ये शोधावा.

२) वीजपुरवठा : संगणकातील स्विचिंग पुरवठ्याची किरकिर चिपच्या पिनांतून आत जाते. त्यासाठी लिनियर रेग्युलेटर वापरावा आणि प्रत्येक पुरवठा-पिनेला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. तोच कपॅसिटर दूर बसविल्यास मधल्या तारेमुळे त्याचा उपयोग बराच कमी होतो.

३) ग्राउंड : डिजिटल भागाचा प्रवाह अॅनलॉग भागाच्या वाटेने परतला की त्याच्या खुणा आवाजात उमटतात. म्हणून दोन्ही भागांची मांडणी वेगळी ठेवून ग्राउंडचा थर सलग ठेवतात.

४) घड्याळ : अंक ठरलेल्या क्षणी बाहेर पडला नाही, तर अंक बरोबर असूनही आवाज चुकतो. १० हजार हर्ट्झच्या स्वराला १ नॅनोसेकंदाची अनियमितता असली, तर ९८ डेसिबलच्या जागी सुमारे ८४ डेसिबलच उरतात.

वर्गात करावयाची पारख

आपल्यापैकी बहुतेकांना मंडल उघडावे लागणार नाही. गोंगाटाला आधी नाव द्यावे. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही.

'घूं' अशी जाड गुणगुण असेल तर ती विजेच्या ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली असते. संगणक आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असल्यास अर्थिंगचे वर्तुळ तयार होते. दोन्ही एकाच पट्टीवर लावून पाहावे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहावा. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये. तो जिवाशी खेळ आहे.

माउस हलविताना 'किरकिर' बदलत असेल, तर ती संगणकाच्या आतली आहे. संगणकाबाहेर बसणारा यूएसबी डॅक बहुधा ती घालवतो.

एकसारखी 'सळसळ' असेल, तर पूर्ण शांततेची फाइल वाजवावी. तेव्हा सळसळ थांबली तर दोष मूळ ध्वनिमुद्रणात, बहुधा जुन्या कॅसेटमध्ये आहे; नवा डॅक घेऊन तो जाणार नाही. सळसळ टिकली तर आवाजाच्या पातळ्या पाहाव्यात. आमच्याकडे दोष येथेच निघाला. संगणकावरील आवाज अगदी कमी आणि अॅम्प्लिफायरचे बटण पूर्ण वर होते. संगणकात आवाज २४ डेसिबलने उतरविला की सुमारे ४ बिटे वाया जातात, डॅकचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो आणि अॅम्प्लिफायर दोघांनाही मोठे करतो. आम्ही संगणकावरील पातळी जवळजवळ पूर्ण ठेवली व बटण खाली आणले. खर्च काहीच आला नाही.

समारोप

गोंगाट म्हणजे एकच एक व्याधी नव्हे. त्याची वाट ओळखल्याशिवाय महागडी यंत्रे घेणे व्यर्थ आहे. मी त्या चाचणीचे गुण रद्द करून ती पुन्हा घेतली. आता श्रवणाच्या प्रत्येक चाचणीआधी शेवटच्या बाकावरचा हेडफोन मी स्वतः कानाला लावतो. विद्यार्थ्याच्या कानाची परीक्षा घेण्यापूर्वी यंत्राची परीक्षा घेणे हे आपले कर्तव्य आहे.