केस तुटले, पण मूळ जिवंत आहे

गेल्या वर्षी अखाजीच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. दुपारचे पेशंट संपत आले होते. बाहेर उन्हाने पत्रे तापले होते आणि अशा उकाड्यात बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी डोक्याला स्टोल घट्ट गुंडाळून आईबरोबर आत आली. आईने पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. पुडीत केस होते.

"आठ दिनना इतला केस शेतस, डॉक्टरसाहेब. पोरले टक्कल पडी का?"

मुलगी गप्प होती. तिचे लग्न ठरले होते, मार्गशीर्षातली तारीख धरली होती. हळूहळू हकिगत कळली. दिवाळीत चुलत भावाच्या लग्नासाठी तिने केस सरळ करून घेतले. जानेवारीत काही बटांना सोनेरी रंग दिला. मार्चपर्यंत मुळाशी कुरळे केस दिसू लागले, म्हणून सगळे केस पुन्हा सरळ केले. आणि आता मैत्रिणीचा सल्ला असा, की केसांना ताकद देणारी आणखी एक ट्रीटमेंट करून घे, म्हणजे सगळे ठीक होईल. तेवढे विचारायला ती आली होती.

वाचकहो, अशा मुली आणि बायका आता जळगाव-धुळ्यातच नव्हे, तर पारोळा, साक्री, शिरपूरकडूनही दवाखान्यात येतात. म्हणून आजचा लेख या विषयावर.

गळणे वेगळे, तुटणे वेगळे

मी पुडीतले केस पांढऱ्या कागदावर पसरले. हे घरीही करता येते. केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो केस मुळापासून गळलेला आहे. गाठ नसेल, तुकडे आखूड-लांब असतील आणि टोके फाटलेली असतील, तर तो केस मधेच तुटलेला आहे. रोज पन्नास ते शंभर केस मुळापासून गळणे हे प्रत्येकाचेच होते. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, त्यात हे कळूनही येत नाही.

आईच्या मनात वेगळीच धास्ती होती. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडले. शेगाव हे आपल्या भुसावळ-नागपूर मार्गावरचेच स्टेशन, त्यामुळे इकडेही बोलबाला झाला. लोकांनी आधी पाण्याला आणि शाम्पूला दोष दिला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या गव्हात आणि रुग्णांच्या रक्तात सेलेनियम फार जास्त असल्याचा निष्कर्ष मांडला. तो प्रकार मुळापासून गळण्याचा होता. या मुलीच्या पुडीतल्या बहुतेक केसांना गाठच नव्हती. टाळू स्वच्छ होती आणि मुळाशी बोटाच्या पेराएवढे नवे, निरोगी केस उभे होते. टक्कल पडणार नव्हते. आईला तसे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा पदराने घाम पुसला.

रसायन केसाचे काय करते?

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो नखासारखा निर्जीव असतो. म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असते ते टाळूच्या आतले मूळ. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. बाहेरून त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि आत गंधकाच्या बंधांनी प्रथिनाचे धागे एकमेकांना बांधलेले असतात. केस कुरळा की सरळ, हे या बंधांवर बरेचसे अवलंबून असते.

केस कायमचे सरळ करताना थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने हे बंध तोडतात, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या द्रावणाने बंध पुन्हा जोडतात. तुटलेले सगळे बंध काही पुन्हा जुळत नाहीत. सोनेरी रंगासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ते कौले उचकटून आत शिरते, काळा रंग नष्ट करते आणि केसावरचा मूळचा स्निग्ध थरही घालवते. एकाच केसावर हे दोन-तीनदा झाले, की तो ओला असताना रबरासारखा ताणतो आणि वाळल्यावर तुटतो.

इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जखम भरते, कारण कातडी जिवंत असते. केस भरून येत नाही. आपल्याकडे सोसाट्याच्या वाऱ्याने केळीचे पान फाटते. ते कोणी शिवून देत नाही आणि कोणते खत घातले तरी सांधत नाही. पण खोड धड असेल तर आतून नवा पोंगा निघतो. केसाचे अगदी तसेच आहे. 'रिपेअर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू केसावर गुळगुळीत लेप देतात. त्याने केस मऊ वाटतो, गुंता कमी होतो, हा फायदा खरा आहे. पण तो धुण्यापुरता. फाटलेले पान फाटलेलेच राहते.

हिशेब धीराचा

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला साधारण बारा. खांद्यापर्यंत येण्यास पंचवीस-तीस सेंटिमीटर लागतात. म्हणजेच खराब केस पूर्णपणे निघून नवे केस खांद्यापर्यंत येण्यास दोन ते अडीच वर्षे धरावीत. कोणतेही तेल, गोळी किंवा इंजेक्शन हा हिशेब महिन्या-दोन महिन्यांवर आणून देत नाही. तसे कोणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवावेत.

मधल्या काळात काय करावे, ते सांगतो.

१) नवे रसायन बंद. केस पुन्हा सरळ करणे, रंगाच्या बटा, 'ताकदीची' ट्रीटमेंट, सगळे थांबवावे. मुळाशी कुरळे आणि खाली सरळ असे काही महिने दिसेल. ते सोसावे.

२) कात्रीशी मैत्री करावी. फाटलेले टोक वर-वर चिरत जाते. दर दोन-तीन महिन्यांनी खालचे दोनेक सेंटिमीटर कापावेत. कापल्याने केस लवकर वाढत नाहीत, पण वाढलेले टिकतात. ज्यांची तयारी असेल त्यांनी एकदाच बरेच आखूड करावेत, म्हणजे निम्मा त्रास संपतो.

३) सांधा जपावा. नवा केस आणि जुना केस जिथे मिळतात तिथे तो सर्वांत कमजोर असतो. गुंता आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, खालच्या टोकाकडून वर सोडवत न्यावा. ओल्या केसांत बारीक फणी घालू नये. ओले केस घट्ट बांधू नयेत. रबरबँडऐवजी कापडी बंध आणि सैल वेणी बरी. गाडीवर जाताना स्टोल सुती आणि मऊ असावा.

४) धुणे. आठवड्यातून दोनदा पुरे. शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून टाळूला लावावा. केसांची लांबी वाहत्या फेसानेच स्वच्छ होते. नंतर कंडिशनर टाळू सोडून खालच्या केसांना लावावे. इथे कंजुषी नको. शिकेकाई वापरणाऱ्यांनी ती उकळून, गाळून घ्यावी, भरड पूड केसांवर घासू नये. कपड्याचा साबण, सोडा आणि कढत पाणी वर्ज्य. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने केस राठ होतात. जमेल तर शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्यावा. टॉवेलने झटकू नये, टिपून घ्यावे.

५) तेल. आपल्या आज्यांची खोबरेल तेलाची सवय चांगली होती. २००३ साली मुंबईत आरती रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसांतून प्रथिन झिजून जाणे फक्त खोबरेल तेलाने कमी झाले. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही सांगितले पाहिजे. पण खोबरेल स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. न्हाण्याच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीला थोडे चोळावे. तेल जिरवायचे म्हणून खसाखसा मालीश करू नये.

६) ऊन आणि इस्त्री. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात डोके झाकावे. केसांची इस्त्री कपाटात ठेवावी आणि किल्ली आईकडे द्यावी.

७) मेंदी. 'काळी मेंदी' या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांत रासायनिक रंगच असतो आणि त्याची ॲलर्जी जबर असू शकते. शुद्ध मेंदीनेही कोरडा केस आणखी कोरडा होतो. सध्या नकोच.

मुळाची काळजी आणि माझी चूक

तुटलेल्या केसाला खाऊ घालता येत नाही, पण मुळाला येते. भाकरी, डाळ, शेंगदाणे, हिरव्या भाज्या, दूध, आणि चालत असेल तर अंडी, हे रोज पोटात जावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह कमी शोषले जाते.

काही वर्षांपूर्वी एक बाई केस गळतात म्हणून आल्या. त्यांनी केस रंगवले आहेत एवढे ऐकून मी हसून म्हणालो, "पार्लर बंद करा, येतील केस." पुडी पाहिली नाही की पापणी खाली ओढून पाहिली नाही. चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा माझ्या दवाखान्याच्या पाच पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली होती. हिमोग्लोबिन सात. पाळीत फार रक्त जात होते, पण मी विचारलेच नव्हते, त्यामुळे त्यांनीही सांगितले नव्हते. केस मुळापासून गळत होते आणि मी दोष रंगाला दिला. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. तेव्हापासून केसांची तक्रार आली की मी पाळीबद्दल विचारतो आणि हिमोग्लोबिन, गरज वाटल्यास थायरॉइडही तपासतो.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेण्याची सध्या टूम आहे. शरीरात त्याची कमतरता नसेल तर फायदा झाल्याचा ठोस पुरावा नाही. उलट थायरॉइडच्या काही तपासण्या त्यामुळे चुकीच्या येतात. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगावे.

लगेच डॉक्टरांकडे केव्हा जावे?

टाळू भाजली, फोड आले, पू झाला. गुळगुळीत गोल चट्टा पडला. रंगानंतर चेहरा किंवा पापण्या सुजल्या, दम लागला, तर थांबू नये. केस सरळ केल्यानंतर एक-दोन दिवसांत उलट्या, पाठीत दुखणे किंवा लघवी कमी होणे असे झाले तर तेही अंगावर काढू नये. २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत आली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. संशय केस सरळ करण्याच्या क्रीममधील ग्लायऑक्सिलिक आम्लावर होता. असे क्वचितच होते, पण माहीत असावे. काही 'केराटिन' द्रावणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मॅल्डिहाइड वायू सुटतो. तो कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच ठरवले आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी असल्या ट्रीटमेंट टाळाव्यात.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींनाही एक सांगणे. गिऱ्हाईक ही वाफ वर्षातून एकदा घेते, तुम्ही रोज घेता. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचा. आधी रसायन लावलेल्या केसांना पुन्हा 'नाही' म्हणायला शिका. त्यात तुमचेच नाव राहील.

आणि ती मुलगी?

तिने मला विचारले, "सासरी कळलं तर?" मी म्हणालो, "केस कापलेत हे लपणार नाही. मग आधीच सांगून मोकळी का होत नाहीस?" आईला ते पटले नाही. मुलीने मात्र त्याच रात्री होणाऱ्या नवऱ्याला फोन केला, असे मला नंतर कळले. आठवड्याभरात तिने केस मानेपर्यंत कापले. लग्नात हलके गंगावन लावून अंबाडा घातला. जड गंगावनाने कमजोर केस ओढले जातात, म्हणून ते पिनांनी नीट पेलून धरायला मी सांगितले होते.

यंदा संक्रांतीला ती माहेरी आली होती. दवाखान्यात आली ती डोके उघडे ठेवून. मी टेबलावरची पट्टी घेतली आणि मुळापासून नवा केस मोजला. साडेआठ सेंटिमीटर. नवे केस कुरळे, दाट, तिच्या आईसारखे. खाली अजून चार बोटे जुना, राठ केस होता.

"अजून किती दिवस, डॉक्टर?" तिने विचारले.

"सहा महिन्यांत जुना केस कापून संपेल," मी म्हटले. "लांब वेणी हवी असेल तर आणखी दोन अखाज्या."

ती हसली आणि तिळगूळ देऊन गेली.